सशाच्या पिलास हिरव्या पाल्याची सवय

मुलांच्या हट्टाखातर घरात सशाचे एक पिलू येते. मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावी ते शहरातील दुकानातून किंवा आठवडी बाजारातून खोक्यात घालून आणले जाते. घरी पोचताच मुले त्याच्यापुढे मेथीची जुडी, गाजर, कोबीची पाने, भिजवलेले हरभरे असे जे हाती लागेल ते ठेवतात. पिलू नुसते हुंगते आणि कोपऱ्यात सरकते. मग कोणी वडीलधारे सांगतात, "एक दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की आपसूक खाईल." दुसऱ्या एखाद्या घरी ह्याच्या उलट घडते. पिलू समोर आलेला पाला अधाशीपणे खाते, दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागते आणि तिसऱ्या दिवशी ते दगावते. मुलाच्या जिवाला चटका लागतो आणि दोष मात्र नशिबाला किंवा दृष्टीला दिला जातो.

दोन्ही घरी खरी चूक एकच असते, ती म्हणजे घाई. न खाणाऱ्या पिलास उपाशी ठेवणे ही घाई, आणि खाणाऱ्या पिलास पोटभर पाला घालणे हीही घाईच. ही घाई कशी टाळावी आणि आपल्या वऱ्हाडात सहज मिळणाऱ्या भाज्यांची सवय पिलास कशी लावावी, ह्याची माहिती पुढे दिली आहे.

पाळीव ससा व रानातील ससा

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात दिसणारा करडा-तपकिरी ससा आणि घरी पाळला जाणारा पांढरा ससा हे एका जातीचे प्राणी नव्हेत. पाळीव ससा मूळचा युरोपातील स्पेन-पोर्तुगालकडचा असून तो बिळात राहणारा आहे. त्याची पिले उघडी, केसाविना आणि मिटलेल्या डोळ्यांची जन्मतात. आपल्या रानातील सशाची पिले मात्र जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असून उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला राहतात. कापणीच्या वेळी असे पिलू एकटे दिसले, तर त्याची आई त्यास सोडून गेली असे समजू नये. ती दिवसा दूर राहते आणि तिन्हीसांजेनंतर दूध पाजण्यास येते. रानसशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. त्यास पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा असे पिलू घरी आणू नये. ह्या लेखातील सर्व माहिती केवळ पाळीव सशाविषयी आहे.

पिलू पाला का नाकारते?

पाला नाकारणारे पिलू हट्टी किंवा लाडावलेले असते असे नव्हे. सशास ओकारी काढता येत नाही. कुत्र्याप्रमाणे पोटात गेलेला वाईट घास बाहेर टाकण्याची सोय त्याच्याजवळ नाही. म्हणून अनोळखी वस्तू तोंडात घालण्यापूर्वी ती पुनःपुन्हा हुंगणे, एक कण चाखणे आणि थांबणे हा त्याचा निसर्गधर्म आहे. ही सावधगिरीच त्याला जगवते.

पिलाची पहिली शिकवण आईकडून होते. हंगेरीतील संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, गाभणपणी व दूध पाजण्याच्या काळात सशिणीने ज्या वनस्पती खाल्ल्या, त्यांचा वास पिलांस ओळखीचा होतो आणि दूध तुटल्यावर पिले त्याच वनस्पती प्रथम निवडतात. आईच्या पोटातून, दुधातून आणि तिने घरट्यात टाकलेल्या लेंड्यांतूनही ही ओळख पिलांपर्यंत पोचते. दुकानातील पिलाच्या आईने केवळ दाणेदार खाद्य खाल्ले असेल, तर त्या पिलास मेथी वा सांबार हा परका पदार्थ वाटणे स्वाभाविकच आहे.

ह्यावरून पहिला नियम निघतो. पिलू विकत घेताना विकणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत : पिलाचे वय काय, त्याची आई काय खात होती, पिलू आज काय खाते, आणि हिरवा पाला त्याने पूर्वी खाल्ला आहे काय? जे खाद्य ते तेथे खात असेल, तेच आठ-दहा दिवस पुरेल इतके सोबत आणावे. जागा बदलली, माणसे बदलली आणि त्याच दिवशी खाद्यही बदलले, तर पिलू तो ताण सोसू शकत नाही.

पोटाची रचना

सशाच्या पोटात लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते. तिला अंधांत्र किंवा आंधळे आतडे म्हणतात. गवतातील तंतू आंबवून त्यापासून पोषण तयार करणारे असंख्य सूक्ष्म जंतू तेथे राहतात. ह्या जंतूंचा समतोल हाच सशाच्या आरोग्याचा पाया होय. नवे खाद्य एकदम पुष्कळ आले की हा समतोल बिघडतो, उपद्रवी जंतू वाढतात, वायू धरतो आणि हगवण लागते.

पिलाच्या बाबतीत धोका अधिक असतो. दूध पिण्याच्या वयात पिलाच्या जठरातील आम्ल सौम्य असते आणि जंतूंपासून त्याचे रक्षण दूधच करते. दूध तुटते तेव्हा हे संरक्षण जाते, पण मोठ्या सशासारखे तीव्र आम्ल व स्थिर झालेले अंधांत्र अद्याप तयार झालेले नसते. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ म्हणूनच सर्वांत नाजूक होय, आणि बाजारात विक्रीस येणारी पुष्कळशी पिले नेमकी ह्याच वयाची असतात.

ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. दिवसभर दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या. ह्याशिवाय अंधांत्रातून येणारे मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखे गोळे असतात. ते तो बहुधा रात्री वा पहाटे थेट तोंडाने उचलून खातो. त्यांत जीवनसत्त्वे व प्रथिने असतात. हे पाहून घरची माणसे किळस करतात व त्याला अडवतात. तसे करू नये. ही त्याची गरज आहे.

आधी सुके गवत

पाल्याचा विचार करण्यापूर्वी सुक्या गवताची व्यवस्था करावी. सशाच्या आहाराचा मोठा भाग, सुमारे चार पंचमांश, गवताचाच असावा. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षास सुमारे १० ते १२ सेंटिमीटर वाढतात आणि गवत चावण्यानेच दात योग्य प्रमाणात झिजतात. गवतातील लांब तंतूंमुळे आतड्यांची हालचालही चालू राहते.

आपल्या भागात मारवेल, पवन्या व हरळी ही गवते ह्या कामी चांगली. दाणा पक्व होण्यापूर्वी कापून सावलीत वाळवलेले, हिरवट रंगाचे व गोड वासाचे गवत निवडावे. पावसात भिजून काळे पडलेले, बुरशी आलेले किंवा धुळीने भरलेले गवत कदापि घालू नये. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार हे गवताची जागा घेऊ शकत नाही. गवत पिंजऱ्यात रात्रंदिवस असावे. पिलू गवत नीट खाऊ लागल्याखेरीज हिरव्या पाल्यास हात घालू नये.

केव्हा सुरुवात करावी?

ज्या पिलाने आईजवळ असताना हिरवा पाला खाल्ला आहे, त्यास तोच पाला थोड्या प्रमाणात चालू ठेवण्यास हरकत नाही. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही किंवा ज्याने पाला कधीच खाल्लेला नाही, अशा पिलास १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत सुके गवत, त्याचे नेहमीचे दाणेदार खाद्य आणि पाणी एवढेच द्यावे. तोवर पाला न दिल्याने त्याचे काही बिघडत नाही. नव्या घरी आल्यावर पहिले आठ दिवस तर कोणतेही नवे खाद्य देऊच नये.

कोणता पाला द्यावा?

सुरुवातीस सर्वांत सोयीचा तो सांबार, म्हणजेच कोथिंबीर. त्याचा वास सशांना बहुधा आवडतो, तो बारमाही मिळतो आणि परसात वाफ्यातही लावता येतो. त्यानंतर गाजराचा पाला, मेथी, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला आणि ताजी हरळी हे क्रमाने आणता येतात. लसूणघास पौष्टिक आहे, परंतु त्यात चुन्याचे प्रमाण बरेच असते. वाढत्या पिलास तो थोडा चालतो, सहा महिन्यांनंतर मात्र रोज देऊ नये. सशाच्या शरीरातील जादा चुना लघवीवाटे बाहेर पडतो आणि तो फार झाल्यास लघवी दाट होऊन त्रास होतो.

पालक, तांदुळजा, घोळ व चिवळ ह्या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. त्या मोठ्या सशास अधूनमधून चालतात, पण पिलाची सुरुवात त्यांनी करू नये. कोबी व फुलकोबी ह्यांनी वायू धरण्याचा संभव असतो. हिवाळ्यात घरोघरी येणाऱ्या हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, म्हणून तोही पिलास देऊ नये.

गाजर हा सशाचा मुख्य आहार आहे, असा समज चित्रांमुळे पसरला आहे. वस्तुतः गाजरात साखर असते. मोठ्या सशास त्याची एखादी पातळ चकती खाऊ म्हणून द्यावी. पिलास ते नको. त्याचप्रमाणे पोळी, भात, मुरमुरे, बिस्किटे, गूळ आणि गाईचे दूध ही प्रेमाने दिलेली पण अपायकारक खाद्ये होत.

पुढील वस्तू कोणत्याही वयात देऊ नयेत : कांदा व त्याची पात, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, कोवळी ज्वारी, रुई, धोत्रा, कण्हेर, एरंड, घाणेरी व गाजरगवत.

कपाशीच्या व सोयाबीनच्या बांधावरील तणाविषयी विशेष सावध राहावे. खरीप हंगामात तेथे कीटकनाशकांचा व तणनाशकांचा अंश असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीमुळे अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेस बळी पडले. जे विष धडधाकट माणसास बाधते, त्याचा अंशही अर्ध्या किलोच्या पिलास पुरेसा आहे. म्हणून पाला शक्यतो परसातील घ्यावा. बाजारचा पाला दोन-तीन पाण्यांनी धुवून, झटकून व पाणी निथळू देऊन मगच द्यावा. ढिगात पडून गरम झालेला, पिवळा किंवा कुजका पाला टाकून द्यावा.

सवय लावण्याची रीत

एका वेळी एकच भाजी आणि तीही थोडी, हे सूत्र धरावे. ससा पहाटे व तिन्हीसांजेस अधिक हालचाल करतो व खातो. तेव्हा पाला सायंकाळी, घरातील गडबड कमी झाल्यावर द्यावा. नमुन्यादाखल पहिल्या आठवड्याचा क्रम असा :

पहिला दिवस : सांबाराची एक-दोन पाने सुक्या गवताशेजारी ठेवावीत. हाताने तोंडात कोंबू नयेत. तासाभराने न खाल्लेली पाने काढून टाकावीत.

दुसरा व तिसरा दिवस : तेवढीच पाने, त्याच वेळी, त्याच जागी. सकाळी लेंड्या पाहाव्यात.

चौथा व पाचवा दिवस : लेंड्या कोरड्या व गोल असतील, तर देठासह दोन काड्या द्याव्यात.

सहावा व सातवा दिवस : तीन-चार काड्या, म्हणजे सुमारे १० ग्रॅमपर्यंत.

दुसऱ्या आठवड्यात सांबार तेवढाच ठेवून गाजराच्या पाल्याचे एक पान जोडावे आणि हाच क्रम पुन्हा करावा. तिसऱ्या आठवड्यात मेथी घ्यावी. एका वेळी एकच नवा पाला आणला, म्हणजे पोट बिघडल्यास दोष कोणत्या पाल्याचा ते लगेच कळते. तीन पाले एकदम दिले, तर काहीच उमगत नाही. अशा रीतीने वाढवत जाऊन सहा-सात महिन्यांच्या सशास त्याच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे एक वाटी निरनिराळा पाला देता येतो.

लेंड्या मऊ झाल्या, तर नवा पाला ताबडतोब बंद करून गवत व पाणी एवढेच ठेवावे. दोन-तीन दिवस लेंड्या पूर्ववत राहिल्यावर निम्म्या प्रमाणाने पुन्हा सुरुवात करावी. दुसऱ्यांदाही तसेच घडले, तर तो पाला त्या सशास मानवत नाही असे समजून सोडून द्यावा.

तरीही पिलू खात नसेल तर

चार-पाच दिवस पाने तशीच पडून राहिली, तरी निराश होऊ नये. सांबाराचे पान बोटांनी चुरगळून त्याचा वास सुक्या गवतास लावावा. गवत खाताना पिलास त्या वासाची ओळख होते. पुढे पानाचे बारीक तुकडे गवतात मिसळावेत. घरात किंवा शेजारी पाला खाणारा निरोगी मोठा ससा असेल, तर जाळीच्या पलीकडे तो खात असलेला पिलास दिसू द्यावा व पाल्याचा वास येऊ द्यावा. त्याने पिलाची भीड चेपण्यास मदत होते. मुलाने रोज एकाच वेळी शांतपणे बसून पान हातात धरावे. पिलू आपण होऊन पुढे येईपर्यंत हात हलवू नये. दहा-बारा दिवसांनंतरही सांबार नाकारला, तर आठवडाभर थांबून दुसरा पाला घ्यावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. पाला खावा म्हणून गवत व नेहमीचे खाद्य काढून घेऊन पिलास उपाशी ठेवू नये. शेळीचे करडू एक वेळ उपाशी राहिले तरी निभावून जाते, ससा निभावत नाही. त्याचे आतडे सतत अन्न पुढे सरकण्यावर चालते. ते रिकामे राहिले की मंदावते, वायू धरतो, दुखू लागते आणि दुखण्यामुळे ससा आणखीच खाईनासा होतो. ह्या चक्रातून तो क्वचितच आपण होऊन सुटतो.

रुसवा की आजार?

पाला नाकारणे आणि अन्न नाकारणे ह्यांत महदंतर आहे. पिलू पाला नाकारून गवत खात असेल, उड्या मारत असेल, लेंड्या टाकत असेल, तर ते सावध आहे, आजारी नाही. परंतु पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये :

१. दहा-बारा तासांत काहीच न खाणे किंवा लेंड्या न टाकणे.
२. पाण्यासारखी किंवा रक्तमिश्रित हगवण. लहान पिलांत ही बहुधा कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होते.
३. पोट फुगणे, अंग आक्रसून बसणे, दात करकर वाजवणे.
४. घास उचलून खाली टाकणे, लाळ गळणे. हे दातांच्या दोषाचे लक्षण आहे.
५. मागील भाग घाण राहणे. पावसाळ्यात तेथे माश्या अंडी घालतात व अळ्या पडतात.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून देऊ नयेत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ह्यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या पोटातील उपयुक्त जंतू मरतात आणि औषधानेच तो दगावतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा १९६२ ह्या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी. गुंतागुंतीच्या आजारात अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा सल्ला घ्यावा. नेताना ताज्या लेंड्या डबीत घालून सोबत न्याव्यात. निदानास त्यांचा फार उपयोग होतो.

पाणी व उन्हाळा

मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे खारे पाणी ससा नीट पीत नाही, आणि पाणी कमी प्यालेला ससा गवतही कमी खातो. म्हणून घरची माणसे जे गोडे पाणी पितात, तेच त्यास द्यावे. एक किलो वजनाच्या सशास दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ते अधिक लागते. मातीच्या जड परळात पाणी ठेवावे व दिवसातून दोनदा बदलावे.

ससा थंड हवेतील बिळात राहणारा प्राणी आहे. त्यास घाम येत नाही, अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. ३० अंशांपुढे त्यास त्रास होऊ लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पिंजरा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. मातीच्या भिंतीच्या खोलीत, ओल्या पोत्याच्या आडोशाला तो ठेवावा. भर उन्हाळ्यात कोणताही नवा पाला सुरू करू नये. पाल्याची सवय लावण्यास दिवाळीनंतरचा काळ सर्वांत चांगला. त्या वेळी हवा थंड असते आणि सांबार, मेथी, मुळा व गाजर ह्यांची आवक भरपूर असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

सशाचे एक पिलू ही लहानशी बाब वाटते, पण ज्या घरी ते असते त्या घरातील मुलाची जनावराशी ती पहिली ओळख असते. त्या मुलाच्या हाती एक वही द्यावी. तीत तारीख, दिलेला पाला, लेंड्यांची स्थिती आणि आठवड्यास एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर घेतलेले वजन लिहिण्यास सांगावे. वजन वाढत असेल तर आहार ठीक आहे. दोन आठवडे ते वाढले नाही, तर दवाखान्यात दाखवावे. अशी नोंद ठेवणारे मूल उद्या गाईच्या दुधाची व शेळीच्या वजनाची नोंदही ठेवील.

सारांश, गवत कायम, पाला एकेक, प्रमाण चिमूटभर, लेंड्यांवर नजर आणि उपास कधीही नाही, ही पाच कलमे पाळावीत. पिलू आज पान हुंगून मागे सरले, तर उद्या त्याच वेळी तेच पान पुन्हा ठेवावे. ज्या दिवशी ते आपण होऊन ते पान ओढून घेईल, त्या दिवसापासून पुढचे काम सोपे होते.